माडग्याळ मेंढा इंग्रजीत सांगताना

जतजवळच्या पशुप्रदर्शनात त्या वर्षी परीक्षक परराज्यातून येणार होते. त्यांना मराठी येत नव्हतं. माझ्या थोरल्या भावाचा माडग्याळ जातीचा मेंढा स्पर्धेत होता आणि भावाला पहिला नंबर हवा होता. आधी दोनदा तो मेंढ्याशेजारी मुकाट उभा राहिला आणि बोलणाऱ्यांचे मेंढे पुढे गेले. या वेळी मेंढ्याची माहिती त्याची मुलगी इंग्रजीत देणार होती. ती मलकापूरला वसतिगृहात राहून शिकते. मी साताऱ्यात वृत्तपत्रात बातम्या तपासतो, म्हणून तिची तयारी माझ्याकडे आली.

मेंढरांच्या वाड्याजवळ बसून तिनं भाषण वाचलं. ब्यूटिफुल, एक्सलंट, बेस्ट. शेवटचा शब्द भावाला कळला.

"बेस्ट म्हनं! जनावराफुडं त्याची तारीफ करत्यात व्हय? दिष्ट लागंल."

"आवं आबा, मग काय सांगू? ह्यो मेंढा हाय, एवढंच?"

"व्हय. डोळं असतील तर बघंल की त्यो."

"मागच्या टायमाला बी डोळं व्हतंच की!"



आमच्या धनगरांत पाळणाऱ्यानं स्वतःच्या जनावराला चांगलं म्हणायचं नसतं. बातमीतून आम्हीही असली विशेषणं काढतो. चांगलं-वाईट वाचकानं ठरवायचं. मी तिला सांगितलं, परीक्षकाला बघून, हात लावून तपासता येईल तेवढंच विशेषण ठेव.

ती मेंढ्याभोवती फिरून शब्द जुळवू लागली. इंग्रजीत नामाआधी विशेषणांची रांग लावता येते, पण रांगेला क्रम असतो. आकारमान आधी, रंग नंतर. 'बिग व्हाइट रॅम' चालतं, 'व्हाइट बिग' कानाला खटकतं. आपण पांढरा मेंढा, पांढरी मेंढी, पांढरं कोकरू म्हणतो. इंग्रजीत तिघांनाही 'व्हाइट'च.

"हे लय सोपं हाय की, काका," ती म्हणाली. मग प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगून तिनं वडिलांना विचारलं, "ही तारीफ हाय का?"

"न्हाई. कान लांबच हायती त्याचं."

प्रदर्शनात ती अडखळली नाही. मोठा पांढरा मेंढा, तांबूस ठिपके, लांब लोंबते कान, बाकदार नाक. परीक्षकांनी ऐकता ऐकता प्रत्येक गोष्ट हातानं तपासली. मग विचारलं, "मेंढा चांगला आहे का?"

"ते तुम्ही ठरवायचं, सर," तिनं इंग्रजीत उत्तर दिलं.

ते हसले आणि म्हणाले, "मॅग्निफिसंट."

"काय म्हनला त्यो?" भावानं विचारलं.

"हितं न्हाई सांगत. मेंढा ऐकंल."

भावानं दोरी माझ्या हातात दिली आणि तिला मंडपामागं घेऊन गेला. तिथं त्यानं तो शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर आमचा होता. लोक मेंढ्याबद्दल विचारायला जमले, तर भाऊ मुलीकडं बोट दाखवून मोठ्यानं सांगत होता, "माझी पोरगी लय हुशार हाय, गड्यांनो. लय म्हंजी लयच."

ती शेजारीच उभी होती. दिष्टीची आठवण त्याला कुणी करून दिली नाही.