यू इज

फळ्यावर गुरुजींनी लिहिलं होतं: आय ॲम, यू आर, ही इज. 'आर' हे आदराचं, 'आपण आहात'मधलं, असं समजावलं. मालगुजाराचा पोरगा उभा झाला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "गुरुजी, हिलेबी आर? हिचा बाप आमच्या घरी सालदार आहे."

गुरुजी हसले. "मग हिला यू इज म्हण."

सगळा वर्ग खदखदला. मला फळ्याजवळ बोलावून तेच दहा वेळा लिहायला लावलं. मी पाचवीत. वर्गात मजुरांच्या घरची एकटी पोरगी. लिहिलं.

मालगुजारी, गावाची ती जमीनदारी, कायद्यानं गेली होती. त्या घरातून गेली नव्हती. आठ दिवसांत तिथं माझ्या बापालाही तीच हाक. यू इज, बैल सोड. यू इज, धानाला पाणी दे. बाप खुश. मला म्हणाला, "इंग्रजीत नाव ठेवलं वं पोरी माझं."

खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग तपासणीला साहेब आले. यूच्या पुढे काय लावाल, विचारलं. मी उभी झाले. "मालगुजाराच्या पोराले आर, मले इज. गुरुजीनंच शिकवलं."

गुरुजी थंडपणे म्हणाले, मुलगी मंद आहे, या लोकांच्या डोक्यात व्याकरण शिरत नाही. साहेब म्हणाले, यूला आरच, कोणीही असो. आणि चहा प्यायला गेले.

कोणीही असो! म्हणजे या भाषेत तू नाही, आपण नाही. गुरुजीलाही यू, सालदारालाही यू. आणि गुरुजीला ते ठाऊक होतं. पुस्तक त्याच्याच हातात होतं. आमच्यासाठी खालचं व्याकरण त्यानं जाणूनबुजून बनवलं.

मी खडू उचलला. येत होते तेवढ्याच शब्दांत लिहिलं: यू आर अ डॉग. व्याकरण बरोबर होतं.

छडी मोडेपर्यंत मारलं. "पूस," म्हणाले.

"नाही पुसत."

शाळेतून नाव कापलं. घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो त्या हाकेवर उठला नाही.

तो गुरुजी आज हेडमास्तर आहे. लोक म्हणतात, म्हातारा झाला, सोड. काऊन सोडू? मी मुर्री, फुलचूर, गावोगाव, घरोघर फिरून राहिले. माझ्यासारखं त्यानं नाव कापलेलं एकेक पोर शोधून राहिले. पोराचं नाव, बापाचं नाव, खाली अंगठा. ही यादी भंडाऱ्याच्या शिक्षण कचेरीत जाईल, आणि यादीमागून आम्ही जाऊ.

त्याची माफी मला नको. त्याची नोकरी पाहिजे. पेन्शनसकट.