मोर्णेत जलकुंभी कोणी टाकली?

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही.

आज सकाळी नववीला जलकुंभी, म्हणजे नद्या झाकून टाकणारी जलपर्णी, शिकवली. मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. तिला खाणारे किडे तिकडेच राहिले. फुलाच्या हौसेपायी माणसांनीच ती जगभर नेली.

एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्या मोर्णा नदीत कोणी टाकली?"

"असंल कोणी बिनडोक!" मी म्हणालो. वर्ग हसला.

घरी आलो, तर आई गच्चीवरच्या टबातली वाढलेली जलकुंभी निर्माल्याच्या पिशवीत भरत होती.

"हे कुठं नेऊन राहिली?"

"मोर्णेत. याची फुलं देवाले वाहिली ना, मंग कचऱ्यात कशी टाकू? दर सोमवारी नदीतच सोडते."

टबात पहिलं रोप मीच लावलं होतं. फूल सुंदर दिसतं म्हणून.

उद्या पुन्हा नववीचाच तास आहे. त्या मुलीला काय सांगू?