न ढळणारी जनुकं

चांगला निकाल आला की तांबोळी सरांचा चेहरा उतरायचा. वाईट निकालाला ते घाबरत नसत. तो ते चहा पीत पीत वाचत. पण मशीनच्या पडद्यावर आम्हाला हवी तशी रेघ उमटली आणि आम्ही टाळ्या पिटायच्या बेतात असलो, की सर खुर्ची मागे सारून म्हणायचे, "आकडा गोड आलाय. आता बघू, माशी कुठं हाय." प्रयोगशाळेत त्यांचं नाव 'सुतकी सर' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. रांजणगावच्या एमआयडीसीत जनावरांची औषधं करणारी एक लहानशी कंपनी होती. मी शिरूरची, नुकतीच एम.एस्सी. झालेली, तिथं चिकटले. सर आमचे प्रमुख. मूळचे दौंडचे. आठवडाभर शिरूरला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी जायचे. आमच्यासारख्या पोरासोरांनाही ते अहो-जाहो करत. मी एकदा म्हटलं, "सर, मला अगं म्हणा की." तर म्हणाले, "उद्या तुमची चूक काढायची वेळ आली तर? अहो म्हटलेलं बरं. राग आवरतो."

कंपनीला मेंढ्यांसाठी एक पूड बाजारात आणायची होती. ती खाल्ली की प्रतिकारशक्ती वाढते, असा मालकांचा भरवसा. ते तपासायचं काम आमचं. मेंढीच्या मानेतून रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि रोगाशी लढणारं जनुक त्यांच्यात किती जोरात चाललंय ते मोजायचं. हे रक्त उन्हात टिकत नाही. त्यामुळे जीपमध्ये बर्फाची पेटी सर स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचे. वाटेत बर्फ वितळला तर रसवंतीवर गाडी थांबवायचे. रसवाला विचारायचा, "रस किती गिलास?" सर म्हणायचे, "रस नको, नुसता बर्फ द्या." मग त्याचं तोंड बघून सगळ्यांसाठी रसही सांगायचे. स्वतः मात्र पेटीवरचा हात काढायचे नाहीत.

आमच्या मेंढ्या होत्या माझ्या बापूमामाच्या. मामा इनामगावच्या अलीकडे घोडनदीकाठी राहायचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे; मामानं ऊस लावला, पण थोडी मेंढरं राखली. आदल्या पावसाळ्यात साथ आली, तोंडं येऊन आणि हगवण लागून त्यातली बरीच गेली होती. म्हणून पुडीचं ऐकताच त्यानं अख्खा कळप आमच्या हवाली केला. निम्म्या मेंढ्यांना पूड, निम्म्यांना नाही. मामा सरांना भाकरी खाल्ल्याशिवाय सोडायचा नाही, आणि दर वेळी विचारायचा, "सर, गुण येतोय न्हवं?" सर म्हणायचे, "अजून मोजतोय, मामा."

आणि मग गुण आला. पूड खाल्लेल्या मेंढ्यांत ते लढणारं जनुक दुपटीच्या वर गेलेलं दिसलं. मालकांनी पेढे आणले. सरांनी पेढा हातात धरला आणि तसाच टेबलावर ठेवला.

त्यांना खुपत होतं ते असं. प्रत्येक नमुन्यातून माल कमी-जास्त निघतो, म्हणून लढणाऱ्या जनुकाची तुलना अशा एका जनुकाशी करतात जे काही झालं तरी सारखंच चालतं, असं धरलेलं असतं. सर त्याला 'मापाचं जनुक' म्हणायचे. पेशीत साखर जाळण्याच्या कामाचं एक जनुक तेव्हा सगळेच सर्रास वापरत. सरांनीही तेच निवडलं होतं. "मेंढरू भिंतीला लावून उंची मोजली," ते मला म्हणाले. "ते उंच झालं, का भिंत खचली? भिंत कुणी बघितलीय?"

ती भिंत बघण्यात पुढचे कित्येक महिने गेले. मापाला चालतील अशी बरीच जनुकं सरांनी गोळा केली. मग म्हाताऱ्या मेंढ्या, कोकरं, आजारी, धडधाकट, पूड खाल्लेली, न खाल्लेली, सगळ्यांच्या पेशींत एकेक लावून पाहिलं. काचेच्या ताटलीत पेशींना मुद्दाम डिवचून पाहिलं. लढायला उठलेली पेशी आपला सगळा संसारच हलवते. तिथं बहुतेक जनुकं हलली. शेवटी तीन तेवढी जागची ढळली नाहीत. त्या तिघांच्या सरासरीवर सगळं पुन्हा मोजलं, तेव्हा लढणारं जनुक जिथल्या तिथं होतं. पुडीनं साखरेचं जनुक तेवढं खाली गेलं होतं, आणि त्याच्याशेजारी हे उंच दिसत होतं.

सर गप्प राहिले असते तर कुणी विचारलं नसतं. ते जनुक तेव्हा सगळीकडे चालत होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं. पुडीचे डबे छापून आले होते. मालक ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, ते पहिलं जनुक निवडलं कुणी?"

"मीच," सर म्हणाले.

कंपनीनं पूड विकली नाही, एवढं श्रेय मालकांना द्यायला हवं. पण आमचा विभाग बंद झाला. आम्हाला कारखान्यात औषधं तपासायला पाठवलं आणि सरांना घरी.

जाण्याआधी ते माझ्याबरोबर मामाकडे आले. गोठ्याशी उभ्या उभ्याच म्हणाले, "मामा, त्या पुडीत काही राम न्हाई. मोजताना माझं चुकलं. तिच्यावर विसंबू नका. सरकारी दवाखान्यात लस आली की आधी टोचून घ्या."

मामा मेंढरांकडे वळून म्हणाला, "लस येती कवा, आन् साथ येती कवा!" मग म्हणाला, "दुसरं कुणी असतं तर सांगाय आलं नसतं. पर सर, तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं. आशा तरी व्हती."

त्या दिवशी सर न जेवता निघाले. मामानंही आग्रह केला नाही.

पुढे ते दौंडला शिकवण्या घ्यायचे. एकदा मी भेटायला गेले, तर दहावीच्या पोरांना गणित शिकवत होते. कंपनीचं त्यांनी काही विचारलं नाही. मीच बोलत राहिले. निघताना स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांनी कळलं, सर हृदयविकारानं गेले. मला कळेपर्यंत दफन होऊनही आठवडा उलटला होता.

मी दौंडला गेले तेव्हा सरांच्या पत्नींनी, भाभींनी, बसायला चटई टाकली. इकडचं तिकडचं झालं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कंपनीतल्या. एक विचारू? त्यांची चूक किती मोठी होती?"

"कसली चूक?"

"नोकरी गेली ती. माझे भाऊ विचारायचे, सासरे विचारायचे. हे मान खाली घालून एकच सांगायचे, माझं माप चुकलं. लोक म्हणायचे, कायतरी लफडं केलं असंल. मी कधी विचारलं न्हाई. त्यांना लाज वाटंल म्हणून."

मी त्यांना सगळं सांगितलं. पूड, मेंढ्या, डबे. ती चूक तेव्हा सगळेच करत होते, आणि आमच्याकडे ती शोधून काढली ती सरांनीच. गप्प बसले असते तर नोकरी राहिली असती. भाभी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. बाहेर मालगाडी बराच वेळ जात राहिली.

"आम्हाला का न्हाई सांगितलं असं?" त्या म्हणाल्या.



त्यांनी डोळे पुसले आणि आत हाक मारली. कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी दाराशी आली. "बस हितं," भाभी तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला सांगा. हिच्या अब्बांनी काय केलं ते. पहिल्यापासून सांगा."