निषेध नव्हे, चहा

या शहरातल्या रॉक संगीताच्या इतिहासात माझं एक स्थान आहे. ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, तेही तिकिटाच्या सहलीत.

माझं काम कपडे अल्टर करायचं, त्याचंच छोटंसं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, माणूस सुटला की शिवण उसवून देणं आणि त्याबद्दल तोंड बंद ठेवणं. नवरा इलेक्ट्रिशियन, आता घरीच असतो. लग्नाच्या वाढदिवसाला जाऊबाईंनी आम्हाला एका पायी सहलीची दोन तिकिटं दिली. शहरातल्या रॉक संगीताच्या जुन्या जागा दाखवतात म्हणे.

रविवारी सकाळी पंधराएक माणसं जमली. गाईड एक चुणचुणीत मुलगी, एका कानात पाच बाळ्या. तिनं आधी एक दातांचा दवाखाना दाखवला. तिथं पूर्वी रेकॉर्डचं दुकान होतं. सगळ्यांनी भक्तिभावानं दवाखान्याचे फोटो काढले. आत आ वासून बसलेला पेशंट आमच्याकडे बघतच राहिला. मग आलं जुनं सभागृह. आता तिथं गाद्यांची शोरूम आहे.

"इथं," गाईडनं आवाज खाली आणला, "चौथ्या गाण्यात गायकानं मुद्दाम वीज बंद करायला लावली. यंत्रांचा निषेध म्हणून! पुढचा अर्धा तास तो माइकशिवाय गायला, आणि आठशे माणसं त्याच्याबरोबर गायली."

नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं.

कारण बाविसाव्या वर्षी मी त्याच सभागृहाच्या कँटीनमध्ये कामाला होते. कार्यक्रम चालू असताना पाण्याचे दोन्ही हीटर एकदम लावायचे नाहीत, असं मॅनेजरनं बजावलं होतं. पण मध्यंतराला गर्दी होईल, चहा आधीच उकळून ठेवावा, अशी अवदसा मला आठवली. दुपारी चारला मी दोन्ही लावले. फट्! सगळीकडे अंधार. एक तरुण इलेक्ट्रिशियन टॉर्च घेऊन धावत आला. त्यानं हीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागून आलेल्या मॅनेजरला म्हणाला, "वायरिंग जुनं झालंय, साहेब." चार महिन्यांनी त्यानं मला मागणी घातली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"अगं पोरी," मी गाईडला म्हणाले, "तो निषेध नव्हता. चहा होता."

सगळी हकीकत ऐकून ती समजुतीनं हसली. "काकू, दर रविवारी कुणीतरी असं सांगतंच. गेल्या वेळी एक आजोबा म्हणाले, मेन स्विच त्यांनीच पाडला."

तेवढ्यात नवरा शोरूममध्ये शिरला. गाद्यांच्या तिसऱ्या थप्पीमागे हात घालून त्यानं भिंतीवरच्या एका फळीवर टकटक केलं. तिच्यावर चिनी मातीचे जुने फ्यूज अजून ओळीनं होते. "डावीकडून दुसरा," तो म्हणाला. "हा बांधायला मला अर्धा तास लागला. लक्ष सगळं कँटीनकडे होतं."

गाईडनं वही काढली. "काकू, हीटर किती लिटरचे होते?"

तेव्हापासून माझं दुकान हा त्या सहलीचा शेवटचा थांबा आहे. पहिल्या रविवारी मी खरं तेवढंच, दोन मिनिटांत सांगितलं. चौथ्या रविवारपर्यंत गायक स्वतः कँटीनमध्ये येऊन माझे आभार मानायला लागला होता.

"अगं, तो कधी आला होता कँटीनमध्ये?" नवऱ्यानं मागाहून विचारलं.

"अहो, लोक एवढी पायपीट करून येतात. त्यांना कोरडंच पाठवू?"

गेल्या रविवारी मात्र माझी फजिती झाली. एका बाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "ते माइकशिवायचं गाणं ऐकताना तुम्हाला कसं वाटलं हो?"

मी तोंड उघडलं, पण थाप सुचेना. शेवटी खरं सांगून टाकलं. आठशे माणसं गात होती तेव्हा मी कोठीच्या खोलीत साखरेच्या पोत्यामागे बसले होते. वायरिंगची थाप पकडली जाईल, नोकरी जाईल, या भीतीनं कानांत बोटं घालून रडत होते. एक ओळसुद्धा ऐकली नाही.

मग त्या बाईंनी डोळे पुसले आणि स्वतःच्या पँटच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"ही दोन इंच कमी होईल का?"

मी टेप घेऊन खाली बसले.