भावाच्या नावावरची चाल

करंजवण्याच्या सरदारांची जहागीर जाऊन तीन पिढ्या लोटल्या होत्या, पण घरातला थाट काही गेला नव्हता. मुलं वडिलांना आबासाहेब म्हणत आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. या घरात मालविका जन्मली. भाऊ देवव्रत तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तो दहाचा झाला, तसे त्याला पेटी शिकवायला मास्तर येऊ लागले. मालविकेला शिकवायचा प्रश्नच नव्हता. घराण्यातल्या बायकांनी गाणं ऐकावं, करू नये, असा रिवाज.

ती दाराआड बसून ऐकायची. मास्तर गेले की देवव्रतनं तासभर रियाज करायचा आणि आबासाहेबांनी खाली बैठकीत बसून तो ऐकायचा. देवव्रतचा जीव मात्र मागच्या आवारातल्या क्रिकेटमध्ये. एके दिवशी त्यानं बहिणीला हळूच विचारलं, "मालू, तू वाजवशील? आबासाहेबांना पेटी ऐकू आली म्हणजे झालं."

तिथून दोन वर्षं तिनं वाजवली. मास्तरांचा धडा दहा मिनिटांत संपायचा, मग बोटं आपल्या मनानं फिरायची. देवीचं एक जुनं पद घरातल्या बायका देवघरात एकसुरी पुटपुटत. मालूनं त्याला नवी चाल लावली. खाली आबासाहेब पाहुण्यांना मुलाचं कौतुक सांगायचे, "आमच्या दादासाहेबांचा हात बघा!"

मग एका दुपारी दादासाहेब कपाळाला चेंडू लागून रडत रडत बैठकीत आले. वर पेटी चालूच होती.

आबासाहेब जिना चढून आले. मालूनं घाईनं भाता मिटला.

"ही चाल मास्तरांनी दिली?"

"नाही. माझी आहे."

ते म्हणाले, "पुन्हा वाजवा." उभ्यानंच त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. "सुरेख आहे," ते म्हणाले, "पण बाहेर नाव दादासाहेबांचंच राहील."

त्या नवरात्रात सगळ्या गावानं देवळात ते पद नव्या चालीत म्हटलं. देवव्रतला शाल मिळाली. घरी येताच त्यानं ती बहिणीच्या अंगावर टाकली आणि तोंड लपवून पळून गेला. मालूला भावाचा राग कधी आलाच नाही. पण आपलं नाव पुढं करायचं नसतं, हे मात्र हाडीमाशी मुरलं.

लग्न होऊन ती दोहाला आली. नवरा प्रताप रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. तो शिफ्टला गेला की अल सद्दच्या फ्लॅटमध्ये दिवस सरता सरायचा नाही. कायमचं भारतात परत निघालेल्या एका कुटुंबानं घर आवरताना आपली पेटी तिला देऊन टाकली. तेव्हापासून तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना चालींचा तोटा पडला नाही. चाल कुणाची, असं कुणी विचारलंच, तर ती म्हणायची, "पारंपरिक आहे हो."

गेल्या वर्षी एकदा, मंडळाचं सूत्रसंचालन करणारी गौरी कार्यक्रमाची यादी घेऊन घरी आली. बरवा अल बराहाच्या वसाहतीत राहणाऱ्या कामगारांचं भजनी मंडळ त्या वर्षी प्रथमच गाणार होतं, आणि त्यांना भजन मालविकानं बसवून दिलं होतं.

"काकू, चाल पारंपरिकच लिहू ना?"

बारा वर्षांची लेक ईरा होमवर्क करत बसली होती. मराठी तिला सगळं कळायचं, तोंडात मात्र इंग्रजी. ती मान वर करून म्हणाली, "नो! आई मेड इट. भाजी चिरताना. आय वॉज देअर."

मालविका हसण्यावारी नेणार होती, पण लेक एकटक बघत होती. तिच्यापुढं खोटं बोलवेना.

"माझं नाव लिही," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून इतकी बावरली की चहा ठेवायच्या निमित्तानं उठून आत गेली.

शुक्रवारी सकाळी प्रतापनं तिला बरवाला तालमीला सोडलं. खोलीत पंधरा-वीस जण दाटीनं बसले होते. पुढे गायला धनाजी, नांदेडकडचा, बांधकामावर परांची बांधणारा. भजन सुरू झालं आणि मालविका चपापली. तिची संथ चाल यांनी चांगलीच पळवली होती.

"ताई, चुकायलंय का?" धनाजीनं विचारलं. "आमाला तुमच्यासारखं संथ जमंना झालंय. दिसभर उन्हात राबून आल्यावर संथ म्हणलं की डोळेच मिटतेत."

सगळे हसले. तीही हसली. "असंच म्हणा बरं पुन्हा."

या खेपेला तिनं पेटीवर त्यांची लय धरली. तिसरी ओळ तिनं खालच्या सुरात उतरवली होती, यांनी ती थेट वर नेली. ओळ संपताच तिनं पेटी थांबवली.

"ही ओळ वर कुणी नेली?"

सगळ्यांनी धनाजीकडं बोट केलं. तो ओशाळला. "ताई, दुरुस्त करतो."

"नको, नको! वरच राहू द्या. खाली नेली ती माझीच चूक."

"मग यल्ला, चला, अजून एकदा!" मागून कुणीतरी ओरडलं.

प्रताप तिला न्यायला आला, तेव्हा त्याला बाहेर गाडीत पाऊण तास बसून राहावं लागलं.