इंझोरीबद्दल जरा बोलायचं होतं

किस्से जमवावे लागतात असं म्हणणारा माणूस वाशीमला कधी भाड्यानं राहिलेला नसावा. आमच्या गल्लीत किस्से आपल्या पायांनी घरी यायचे, पाटावर बसायचे आणि वर चहासुद्धा मागायचे! त्यातले हे चौऱ्याहत्तर सालचे, एकाच आठवड्यातले.

मी सरकारी कचेरीत कारकून, लग्नाला पाच महिने झालेले. बायको कुसुम, आसेगावची, डी.एड. झालेली. तिला इंझोरीच्या शाळेची ऑर्डर आली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा, आणि गेली तर तिथंच खोली करून राहायचं. मी पुढारलेल्या विचारांचा. बायकोनं नोकरी जरूर करावी, फक्त घराबाहेर जाऊ नये, एवढीच माझी अट! तेव्हा तिला एकीकडे घेऊन समजावणं भाग होतं.

*

आमची खोली म्हणजे घरमालकीण गंगाबाईंच्या घराचा अर्धा भाग. मधे फळ्यांची भिंत, तीही छपराला हातभर कमी. जेवताना मी अगदी दबक्या आवाजात म्हणालो, "इंझोरी लय आडवळनी हाय."

फळ्यांपलीकडून गंगाबाई म्हणाल्या, "काई आडवळनी नाई. एष्टी जाते थेट!"

मी निमूट भाकरी कुस्करली.

*

मग खरेदीच्या निमित्तानं बाहेर पडायचं ठरलं. कोपऱ्यावर केशवभाऊंचं किराणा दुकान. माल न विकण्याबद्दल हा माणूस प्रसिद्ध होता. कुणाच्या घरात काय संपलं हे त्या घराच्या आधी त्यांना कळायचं. मी साबण मागितला.

"कायले? परवाच तं नेला. खाता काय साबन?"

"असू द्या जास्तीचा."

"जास्तीचा कायले पायजे? वैनी तं इंझोरीले चालल्या. एकट्या मानसाले वडी म्हयनाभर पुरते!"

मी त्यांच्याकडे या विषयाचा एक शब्दही काढलेला नव्हता.

*

त्यांच्या शेजारी टेलर मास्तर. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मशीनची खडखड चालू असते, बसायला बाक. बोलायला याहून झकास जागा कुठली? आम्ही बाकावर बसलो आणि मी कुसुमच्या कानाशी सुरुवात केली. मास्तरांनी पाय उचलला. मशीन बंद.

"काहून जी, थांबवलं काहून?"

"तुमचं आयकू येत नवतं ना!"

*

स्टँडजवळच्या हॉटेलात 'फॅमिली रूम' होती. म्हणजे एक टेबल आणि फुलाफुलांचा पडदा. आम्ही पडद्याआड बसलो. मी घसा खाकरतोय तोच मालक स्वतः भजी घेऊन आत आला आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"तुमी एकटेच बसले. बरं नाई दिसत."

"दोघं हावो ना आमी!"

"तेच तं म्हनतो, एकटेच! तुमाले असं टाकून म्या भायेर बसाचं? लोक काय म्हनतीन?"

भजी संपेपर्यंत तो हलला नाही. बहुतेक त्यानंच संपवली.

*

उरली नगरपालिकेची बाग. तीन कडुनिंब, एक कोरडं कारंजं आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी. गवत नव्हतंच, त्यामुळे नियम अगदी काटेकोर पाळला जायचा. फाटकाला बारमाही कुलूप. माळी सुखदेवभाऊंचं मत ठाम होतं, "लोक आत आले का बगीचा खराब होते."

मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. बायकोशी दोन शब्द बोलायचेत आणि अख्ख्या वाशीमात जागा नाही!

सुखदेवभाऊंनी खुरपं खाली ठेवलं. "माह्या लग्नाले एकवीस वर्सं झाले. मले बी अजून नाई भेटली. रविवारी दुपारी या."

रविवार म्हणजे शेवटचा दिवस. सुखदेवभाऊंनी आम्हाला आत घेतलं, बाहेरून कुलूप लावलं आणि फाटकाकडे पाठ करून बसले. पाठोपाठ केशवभाऊ हजर.

"आत काय करून राह्यले हे?"

"सरकारी मीटिंग हाय. चला, निंगा!"

निंबाखाली मी अर्धा तास बोललो. एष्टीचे हाल, परकं गाव, तब्येत, लोक काय म्हणतील. कचेरीतून आल्यावर ती घरात नसेल, खरी गोष्ट एवढीच होती. तेवढी एक सोडून बाकी सगळं बोललो. कुसुम पदरावर पडलेली निंबाची पानं झटकत होती.

"झालं तुमचं?"

"झालं."

"होकार तं मी बुधवारीच टपालात टाकला."

"मंग आठ दिवस माह्यासंगं जागा धुंडत कायले फिरत होती?"

"मले दुसरंच इचाराचं होतं. गंगाबाईच्या देखत कसं इचारू?"

तिनं फाटकाकडे एकदा पाहून घेतलं, जवळ सरकली आणि हळूच म्हणाली,

"तुमाले पोळ्या लाटता येतात काय?"