विहिरीचं पाणी उतरलं नव्हतं

कुमानोच्या किनाऱ्यावर शिगेइतका दम कुणालाच नव्हता. खोल बुडी मारून ती शिंपल्या काढायची आणि वर आली की बाकीच्या बायकांना चिडवायची, "अगं, तुम्ही पाण्यात उतरता की नुसते पाय धुता?" नवरा तोराजी लढाईवर गेला तेव्हाही ती रडली नाही. नऊ वर्षांच्या लेकीसमोर, चिनूसमोर, रडणार कशी?

त्या डिसेंबरात भर दुपारी धरणी हलली. कौलं खाली आली, भिंतींना भेगा पडल्या. हादरे थांबताच शिगेनं गावात सगळ्यांनी केलं तेच केलं, विहिरीत डोकावून पाहिलं. समुद्र चालून यायचा असला तर आधी विहिरीचं पाणी उतरतं, असं तिच्या आजेसासूनं सांगितलं होतं. पाणी जिथल्या तिथं होतं.

"आई, डोंगरावर जायचं ना?" चिनूनं विचारलं.

"काही नको. पाणी जागेवर आहे. किनाऱ्यावर वाळत घातलेले मासे गोळा करून आण, मांजरं टपलीत."

"एकटीच जाऊ?"

"मग काय पालखी धाडू? पळ!"

अर्ध्या तासाच्या आत समुद्र गावात शिरला. शिगे कशीबशी छपरावर चढून वाचली. मग सात दिवस तिनं त्या गारठलेल्या, गढूळ पाण्यात बुड्या मारल्या. ओठ काळेनिळे पडले, बायकांनी ओढून बाहेर काढलं तरी पुन्हा उतरली. एवढा दम कमावला तो कशासाठी? हाती लागली फक्त माशांची टोपली.

वरून हुकूम आला. लढाई चालू आहे, भूकंपाचं अवाक्षर पत्रात लिहायचं नाही. हुकूम सोडणाऱ्यांचं काय जात होतं! शिगेनं लिहिलं, "आम्ही दोघी मजेत आहोत." तोराजीचं उत्तर आलं, "चिनूला बुडी शिकव." तिनं लिहिलं, "शिकतेय." दर पत्रात चिनू थोडी मोठी होत गेली.

लढाई संपल्यावर एका सकाळी तोराजी डोंगरावरून उतरला तो हाका मारतच. "चिनू! अगं चिनू! किती खोल जातेस गं आता?"

शिगे विहिरीवर पाणी शेंदत होती. दोर तिच्या हातून सुटला.

"पाणी उतरलं नव्हतं हो," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. मीच पाठवलं तिला किनाऱ्यावर."